बेल्टवरचं साल

मिस्त्रीनं बजावलं होतं, "सर, जुनी गाडी घ्यायची तर दोन हजार पंधराचंच मॉडेल घ्या. सोळाला इंजन बदललं, ते लय ऑईल खायलंय."

अख्खा परभणी जिल्हा पालथा घातला, पंधराची मिळेना. वालूरला एका रिटायर गुरुजींची गाडी चकाचक होती, पण कागदावर नोंदणी सोळाची. तरी मिस्त्रीनं मागचं सीट कव्हर उचकटलं आणि कधीच न वापरलेला बेल्ट बाहेर ओढला. बुडाशी शिवलेल्या चिठ्ठीवर गाडी बनल्याचं साल होतं: पंधरा. गुरुजींनी पाडव्याच्या मुहूर्तावर घेतलेली गाडी शोरूममध्ये आधीच्या वर्षापासून उभी होती.

माझ्या मनात उकळ्या फुटायला लागल्या. गुरुजी मात्र खजील झाले. "जुनी निघाली की हो. दहा हजार कमी द्या."

मी तोंड पाडलं आणि गाडी घेऊन निघाल्यावरही देवगाव फाटा येईस्तोवर तसंच ठेवलं.