इंजिनाची टोपी

भीमरावभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी लातुरात आमच्या गल्लीत होते, क्लासच्या पोरांच्या सायकलींतून वाट काढत दळण घेऊन येत होते. फोन शिरूर अनंतपाळहून, त्यांच्या पुतण्याचा. "काका गेले, बाई. सकाळी चहा पिऊन ओट्यावर बसले होते, बसल्या जागीच..." दळणाचा डबा कुणाच्या तरी पायरीवर ठेवून मी तिथेच बसले. मी तशी लवकर रडणारी बाई नाही, शाळेत माझा दराराच होता. पण त्या दिवशी क्लासची पोरं थांबून थांबून बघत होती, आणि मला काही आवरत नव्हतं.

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हाची ही ओळख. उस्मानाबादचे हेलपाटे संपले म्हणून गावोगाव पेढे वाटले गेले. मी नोकरीला लागले त्या गावाचा जिल्हा जवळ आला, पण पलीकडचा काठ लांबच राहिला. धरणाच्या फुगवट्याने गाव तिन्ही बाजूंनी वेढलेलं. चौथ्या बाजूला काळ्या रानातली बैलगाडीची वाट, आणि पाऊस पडला की तीही बंद. म्हणून गावाला एक सरकारी बोट मिळाली, डिझेल इंजिनाची, निळ्या रंगाची. तिच्यावर चालक म्हणून भीमरावभाऊ नेमले गेले. ते नांदेडला एका गॅरेजात काम शिकून आले होते, आणि हे समोरच्याला लगेच कळावं अशी व्यवस्था ते करत. "नांदेडला आम्ही..." असं सुरू झालं की पलीकडचा काठ येईपर्यंत थांबत नसत.

मी गावातच खोली घेऊन राहायचे. शनिवारी लातूरला जायचे आणि सोमवारी परत यायचे, दोन्ही वेळा बोटीने. बोटीवर मला एक काम नेमून दिलेलं होतं. इंजिनाचा सायलेन्सर म्हणजे सरळ आभाळाकडे तोंड केलेला पाइप. त्यात पाऊस जाऊ नये म्हणून भाऊ त्याच्यावर वनस्पती तुपाचा रिकामा डबा पालथा घालून ठेवत. शेतातल्या इंजिनालाही आपल्याकडे असंच करतात. पण भाऊंनी डब्याला बोटीचाच निळा रंग दिला होता आणि नाव ठेवलं होतं टोपी. इंजिन सुरू करण्याआधी ते टोपी काढून माझ्या मांडीवर ठेवत. माझी एकही सुती साडी काजळीवाचून राहिली नाही. मी चिडले की म्हणत, "बाई, पोरं संभाळता, यक डबा संभाळाया काय झालं?" काठाला लागलं, इंजिन थंड झालं, की टोपी परत पाइपावर. घरी जाताना अर्ध्या वाटेतून ते बघायला परत येत. त्यांची बायको गयाबाई हसायची. "घरच्या मान्साच्या डोक्यावर फडकं हाय का न्हाई, ते न्हाई बघत."

त्यांना एकच लेक होती, रमा. माझ्या वर्गात पहिलीत होती. बोटीच्या घंटेची दोरी ओढायचा मान तिचा, दुसऱ्या कुणी हात लावला तर भोकाड पसरायची.

मग दुष्काळ आला. पाणी हटत हटत पार नदीच्या पात्रात गेलं आणि बोट चिखलात एका कुशीवर कलंडली. आम्ही धरणाच्या पोटातून चालत पलीकडे जायचो. बोट चालत नसली तरी भाऊ दर आठवड्याला जाऊन इंजिनाचं चाक हाताने फिरवून ठेवत. इंजिन बसून राहिलं की आतून गंजतं आणि पिस्टन धरतं, म्हणजे जागीच घट्ट अडकतं, असं ते मला सांगत. मी कितीदा तरी पायवाटेने जाताना त्यांना हे करताना बघितलं आहे, म्हणून खात्रीने लिहिते आहे. गावात तेव्हा टँकर यायचा. घागर, कळशी, बादली, ज्यात म्हणून पाणी मावेल ते रांगेत लागायचं. चिमणीच्या रॉकेलचे डबेसुद्धा राखेने घासून बायका रांगेत लावायच्या.

पाऊस आला तो उशिरा आणि एकदम आला. पाणी चढलं, बोट तरंगली, काळ्या रानातली वाट बुडाली. आणि गावात हगवण सुरू झाली. तिसऱ्या सकाळी गयाबाईने मला हाक मारली. रमाचे डोळे खोल गेले होते, ओठ कोरडे पडले होते. दवाखाना पलीकडच्या काठाला. आम्ही तिला उचलून बोटीवर आणलं. गयाबाई तिला मांडीवर घेऊन पुढे बसली. साखर-मीठ घातलेलं उकळलेलं पाणी तिने बरोबर घेतलं होतं, ते ती चमच्याने पाजत होती.

दुष्काळानंतर इंजिन पहिल्यांदाच सुरू होत होतं. भाऊंनी बटण दाबलं. टक्... एकच आवाज, आणि इंजिन अडलं. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. बॅटरीच्या तारा त्यांनी घासून लावल्या. पाण्यात उतरून पंख्याला गवत, दोरी काही गुंडाळलंय का ते हाताने चाचपलं. काही नव्हतं. मग पहार घालून चाक फिरवायला गेले. जोर लावतील असं मला वाटलं, पण त्यांनी लावला नाही. हळूच मागे घेतलं, हळूच पुढे नेलं. "मागं हलून राह्यलंय," ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. "पिस्टन धरलं असतं तर मागंबी हललं नसतं. पुढंच अडतंय. आत कायतरी भरलंय."

पान्याने त्यांनी डिझेल आत फवारणारं वरचं नोझल खोललं आणि चाक फिरवलं. चाक सरकन फिरलं आणि नोझलच्या भोकातून पाण्याची चिळकांडी त्यांच्या सदऱ्यावर उडाली. धरणाचं पाणी तेव्हा लालसर गढूळ होतं. हे काळं होतं, काजळीचं. म्हणजे खालून आलेलं नव्हतं, वरून आलेलं होतं. भाऊंनी मान वर केली. पाइपावर टोपी नव्हती; आज ती माझ्या मांडीवर आली नाही हे घाईत आम्हा दोघांच्याही ध्यानात आलं नव्हतं. मग त्यांची नजर बोटीच्या पुढच्या टोकाला गेली, आणि त्यांच्या मागोमाग माझी... गयाबाईच्या पायाशी, जिच्यातून ती लेकीला पाणी पाजत होती, ती टोपी होती. राखेने घासून लख्ख केलेली. शेवटच्या टँकरच्या रांगेत लावायला नेलेली असणार.

भाऊ परत इंजिनाकडे वळले. पाणी काढून टाकलं, नोझल बसवलं, डिझेलच्या नळीतली हवा काढली. इंजिन सुरू झालं. पण सकाळ त्यात गेली होती. बोट मधल्या पाण्यात असताना गयाबाईने चमचा खाली ठेवला. घंटा वाजवायला त्या दिवशी कुणी नव्हतं. भाऊंनी वळून बघितलं आणि पुन्हा पुढे बघत ते बोट तशीच चालवत राहिले, दवाखान्याच्या काठापर्यंत.

संध्याकाळी ओट्यावर माणसं जमली. कुणीतरी विचारलंच, इंजिनाला झालं काय होतं? भाऊ म्हणाले, "पिस्टन धरलं होतं. मी फिरवून ठेवलं न्हाई. आळस केला." मी तोंड उघडणार, तोच त्यांनी माझ्याकडे बघितलं. नंतर वाटेत गाठून इतकंच म्हणाले, "बाई, पिस्टन धरलं होतं. ध्यानात ठिवा." मी ध्यानात ठेवलं. त्यानंतर त्या माणसाने सारा जन्म लोकांचं ऐकून घेतलं. आळशी, लेकरू घालवलं, नांदेडचा मोठा मेकॅनिक. ते खाली मान घालून बोट चालवत राहिले. पुढे पूल झाला, बोट भंगारात गेली. "नांदेडला आम्ही" हे शब्द मात्र त्या दिवसानंतर मी त्यांच्या तोंडून ऐकले नाहीत. मला तेच फार लागायचं.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी गेले. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, खाली भाऊंचा फोटो. वंदना झाली, लोक चांगलं बोलले. जेवणाच्या पंगतीत एक म्हातारा सहज बोलून गेला, "मानूस भला, पन त्या वक्ताला आळस नडला." वाढायला उभी असलेली गयाबाई जागच्या जागी थांबली.

लोक पांगल्यावर तिने मला परसात नेलं. तिथे कुंपणाच्या मेढीवर टोपी पालथी घातलेली होती. निळा रंग कुठे कुठे राहिलेला.

"हा डबा मीच नेला होता, बाई," ती म्हणाली.

"तुला ठाऊक होतं?"

"हाव. त्याच रोजी सांजच्याला त्यांनी माझ्या म्होरून हा उचलला, धुतला आन् जाऊन पाइपावर घातला. तवाच कळलं. बोलले न्हाईत. मी सांगाया गेले की उठून जायचे. कितीदा गेले मी. जेवता जेवता उठायचे, ताटावरून. मंग मी सोडलं. मानूस उपाशी राहतो म्हनून सोडलं."

तिने पदराने तोंड पुसलं.

"तुमी पेपरात लिवता ना? लिवा. त्यांनी आळस केला न्हाई, चाक फिरवून ठिवलं होतं, डबा मी नेला. माझं नाव घालून लिवा."

"भाऊंना आवडलं नसतं, गयाबाई."

ती मेढीकडे बघत राहिली. "आता कुठं उठून जातील?"

निघताना मी टोपी मेढीवरून उचलली आणि सवयीने मांडीशी धरली. बोट भंगारात जाईपर्यंत ती पुन्हा पाइपावर होती, त्यामुळे आतून काळीच. साडीला काजळी लागली. ती साडी मी अजून धुवायला टाकलेली नाही.