पुढच्याची पाठ

मी बडबड्या माणूस आहे. सोलापूरच्या नवी पेठेतल्या सायकलच्या दुकानात पंक्चर काढता काढता माझं तोंड चालूच असतं. काम झालं तरी गिऱ्हाईक खांबाला टेकून उभं राहतं, ते माझ्या गप्पांसाठी. शर्यतीच्या तर किती गोष्टी सांगितल्या असतील मी! पण एक — एक मात्र कुणाला सांगितली नाही. बायकोला नाही, बापाला तो मरेपर्यंत नाही, बिरोबापुढं हात जोडून उभा राहिलो तेव्हाही मनातल्या मनात नाही. गंमत अशी की ती गोष्ट आपल्याला ठाऊक आहे असं सगळ्यांना वाटतं. तीच तर पंचाईत आहे. आज तुम्हाला सांगायचं ठरवून बसलोय, आणि तरी वाटतंय, आधी थोड्या हवापाण्याच्या गप्पा माराव्यात.

बरं, आधी आमच्या चौघांचं सांगतो. हे दुकान इस्माईलशेठचं. सायकली खपवायच्या तर आपल्या सायकलीनं शर्यत मारली पाहिजे, असं शेठचं मत. म्हणून त्यांनी आम्हाला पगारावर ठेवलं होतं — पहाटे माळावर सायकल हाणायची, दुपारी दुकानात राबायचं. गफूर दुकानातलाच कारागीर. शिवप्पा अक्कलकोटचा, चिडला की कानडीत सुटायचा. नरसय्या साखर पेठेतल्या विणकराचा. घरात हातमाग, घरातलं बोलणं तेलुगू, आणि बाहेर आल्यावर आमच्यापेक्षा झणझणीत मराठी. आणि मी वळसंगच्या मेंढरंवाल्याचा बिरू.

नरसय्या आमच्यात सगळ्यात वेगवान होता. हे मान्य करायला मला तेव्हाही जड जायचं — आता कशाला लपवू? त्याचे पाय मागावरच्या धोट्यासारखे चालायचे, आणि घामाघूम होऊनही हसायचा तो. माणूस वाईट असता तर किती बरं झालं असतं. पण नव्हता. माझ्या पोटरीत गोळा आला की आपलं जेवण बाजूला सारून तेल चोळत बसायचा. मुक्कामावर स्वतःचा बनियन धुताना माझाही ओढून घ्यायचा.

आता एक रीत सांगतो, कारण सगळं तिच्यावर येऊन थांबतं. आमच्या माळावर वारा समोरून आला की सायकल जागची हलत नाही. म्हणून एकानं पुढं राहून वारा फोडायचा, आणि मागच्यानं त्याच्या आडोशाला राहून दम राखायचा. मागच्याचं चाक पुढच्याच्या चाकापासून वीतभर लांब. इतक्या जवळून रस्ता काय दिसणार? त्यात धुरळा. गफूरनं आमच्याकडून घोकून घेतलं होतं, मागच्यानं रस्ता बघायचा नाही, पुढच्याची पाठ बघायची. पुढच्याला खड्डा दिसला की त्यानं डावा हात मागं नेऊन कमरेवर थाप मारायची. ओरडून उपयोग नाही, शब्द वाऱ्यावर जातात. थाप दिसली की मागच्यानं डोळे झाकल्यासारखं पुढच्याच्या चाकामागून जायचं. ही सवय इतकी अंगात भिनली होती की बाजारात पायी चालतानासुद्धा खड्डा आला की माझा हात कमरेवर जायचा. बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. हे ध्यानात ठेवा — हात आपोआप जायचा.

शर्यत मोठी होती. सोलापुरातून विजापूर, तिथून गुलबर्गा, मग अक्कलकोटवरून परत सोलापूर, सात रस्त्याच्या चौकात शेवट. वाटेत मुक्काम, आणि रोजच्या वेळांची बेरीज करून पहिला नंबर. ज्याची बेरीज सगळ्यात कमी, त्याच्या दंडाला लाल फडकं. पहिल्याच दिवसापासून आमची दैना सुरू झाली. भीमेच्या वाळूतून सायकली खांद्यावर घेऊन गेलो, आणि कुठलं पाणी प्यायलो कुणास ठाऊक, विजापुरात गफूरचं पोट असं बिघडलं की त्याला तिथंच ठेवावं लागलं. गुलबर्ग्याच्या वाटेवर शिवप्पाच्या सायकलचा पुढचं चाक धरणारा चिमटा मोडला. तो रस्त्याच्या कडेला बसून रडला, आणि आम्ही त्याला तसाच सोडून पुढं निघालो. राहिलो दोघे. तरी लाल फडकं मात्र नरसय्याच्या दंडाला होतं. पुण्याचा एक गडी त्याच्या अगदी पाठीवर होता.

अक्कलकोटच्या मुक्कामावर शेठ मोटारीनं आले. त्यांनी मला बाजूला घेतलं आणि खांद्यावर हात ठेवून म्हणाले,

"नरसय्याकू संबाल के ला, बिरू. इत्ताच काम तेरा."

इत्ताच काम. म्हणजे अक्कलकोटपासून सोलापूरपर्यंत वारा मी फोडायचा आणि हार त्यानं घालायचा. त्यात चूक काहीच नव्हती, पगार त्याच कामाचा होता. मी मान डोलावली. नरसय्याला काय वाटलं असेल ते वाटो, निघताना तो म्हणाला, "मधी तुजं गाव लागतंय की. तितं मी मागंच ऱ्हातो. लोकांनी तुला बगू दे."

आणि मी सबंध वाट त्या एका क्षणासाठी पाय मारले. खोटं कशाला सांगू? मला वाटत होतं, वळसंगच्या वेशीत हलगी वाजेल, आणि आयुष्यभर मेंढरांच्या मागून चालणारा माझा बाप मला सगळ्यांच्या पुढं बघेल.

हलगी वाजली. पुण्याचा गडी बराच मागं पडला होता. वेशीत गर्दी एवढी की सायकली चालत्या माणसाच्या गतीनं न्याव्या लागल्या. माझा चुलता हार घेऊन आला. आला, माझ्या अंगावरून पुढं गेला, आणि हार नरसय्याच्या गळ्यात घातला. लाल फडकं म्हणजे पहिला, एवढं गावानं कुणाकडून तरी ऐकलं होतं. नरसय्या बिचारा माझ्याकडं बोट दाखवून काहीतरी सांगत होता, पण हलगीपुढं त्याचं कोण ऐकतंय? आणि तेवढ्यात मला माझ्या बापाचा आवाज आला. शेजारच्या पाहुण्याला तो सांगत होता,

"त्यो पुढं हाय त्यो आमचा बिरू. त्या लाल फडकंवाल्याच्या हाताखाली कामाला हाय."

अभिमानानं सांगत होता हो! ऊर भरून आला होता त्याचा. त्याला वाटलं, पोरानं मोठ्या माणसाच्या हाताखाली काम धरलं. आणि खरंच होतं ते, एक अक्षर खोटं नव्हतं. पण मला — मला त्या घटकेला वाटलं की माझ्या अंगावरचे कपडे सगळ्या गावानं काढून घेतले. तुम्हाला कधी असं झालंय? आपल्याच गावात, आपल्याच माणसांत, आपण कुणाचेच नाही असं?

गाव मागं पडलं. मी वेग वाढवला. वारा उजवीकडून तिरका येत होता, म्हणून नरसय्या माझ्या मागं जरा डाव्या अंगाला, आडोशाला होता. पुढं ओढा.

ओढ्यावर पुलाऐवजी दगडी फरशी आहे. आदल्या पावसाळ्यात पुरानं तिच्यातला डावीकडचा एक दगड वाहून नेला होता. ते भगदाड मग फुफाट्यानं भरून गेलं, अगदी काठोकाठ. वरून बघितलं तर सपाट रस्ता वाटायचा. आमच्या गावचे गाडीवान तिथं बैल उजवीकडं दाबायचे. गावाबाहेरच्या माणसाला ते कळणं शक्य नाही. पण मी? माझ्या बापाच्या एका मेंढरानं त्यात अडकून पाय मोडून घेतला होता. मीच त्याला उचलून घरी नेलं होतं.

मी हँडल उजवीकडं दाबलं. थोडंसंच. डावा हात सुटला — आपोआप, सवयीनं, तो निघालाच होता कमरेकडं. आणि मी त्याला अडवलं. हात पुन्हा हँडलवर आणून घट्ट धरला. विसरलो असतो तर गोष्ट वेगळी होती. घाबरलो असतो तरी. पण मला सगळं दिसत होतं, फरशी, फुफाटा, माझी स्वतःची बोटं. मनात काय होतं? पडावा. एवढंच. एकदा पडावा, लाल फडक्यासकट धुळीत लोळावा, गावाच्या अंगणात. मरावा असं नव्हतं वाटलं. पण पडावा हे वाटलं होतं, आणि तो पडला.

आवाज झाला. मी थांबलो, मागं धावलो. त्याच्या डाव्या कोपराकडं मला बघवेना. हाराची फुलं फुफाट्यात पसरली होती. मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि रडलो. ते रडणं खरं होतं की नाही, हे मला आजपर्यंत ठरवता आलेलं नाही. थोड्या वेळानं पुण्याचा गडी आमच्या बाजूनं निघून गेला. त्यानंही फरशी उजवीकडूनच ओलांडली, कारण आता डावीकडं आम्ही बसलो होतो.

मी पुढं गेलो नाही. नरसय्याला बैलगाडीत घालून, त्याच्याजवळ बसून सोलापूरला आणलं. सात रस्त्यावरची गर्दी तोवर पांगली होती. शेठनी मला छातीशी धरलं. आणि तेव्हापासून गावभर माझी ती गोष्ट झाली — दोस्तासाठी हातातली शर्यत सोडणारा बिरू. लग्नाच्या बोलणीत सासऱ्यानं तीच गोष्ट काढली. दुकान पुढं माझ्यावर सोपवताना शेठनी पण तीच सांगितली. आणि ती सगळ्यांना सांगत सुटला होता कोण? नरसय्याच. खाटेवर पडून, हात फळीला बांधलेला, येईल त्याला सांगायचा, "धुरळ्यात दिसलं न्हाय त्याला. पन माज्यासाठी थांबला की." मी मान खाली घालायचो. लोक म्हणायचे, बघा किती विनयशील.

त्याचं कोपर पुन्हा सरळ झालं नाही. मागावर एका हाताचं काम नसतं. एका हातानं धोट्याची दोरी ओढायची, दुसऱ्यानं फणी ठोकायची. मागावर त्याची बायको बसली, आणि नरसय्या घरातल्या म्हाताऱ्यांच्या रांगेत बसून कांड्यांवर सूत गुंडाळू लागला. मी सुट्टीच्या दिवशी त्याच्याकडं जात राहिलो. बसायला पाट मिळतो, चहा मिळतो. माझ्यासाठी कप वेगळा काढून ठेवलाय त्याच्या बायकोनं, चांगला, न फुटलेला.

सायकल मी अजून चालवतो. पहाटे, एकटा. पुढं कुणाची पाठ नको वाटते आणि मागं कुणी आलेलं तर सहनच होत नाही; दुसऱ्या सायकलचा आवाज आला की मी उतरून बाजूला उभा राहतो. दिवसभर एवढी माणसं भोवती असतात, पण सोबत म्हणावी अशी मला तेव्हापासून नाही. सोबतीला माणूस आपल्याला ओळखणारा लागतो. मला ओळखेल असं कोण आहे?

गेल्या महिन्यात गेलो होतो. बायको आत होती, मागाचा खटखट आवाज येत होता. नरसय्या कांडी भरत होता. मान वर न करता, अगदी सहज, त्यानं विचारलं,

"बिरू, ती फरशी तुज्या गावची. तुला ठावं असंल की त्यो खड्डा?"

इतक्या वर्षांनी. आवाजात राग नव्हता. दार उघडून दिल्यासारखं विचारलं त्यानं. मी फक्त आत जायचं बाकी होतं.

मी म्हणालो, "न्हाय रे. मला कुटं ठावं."

त्यानं वर बघितलं. मग म्हणाला, "मग झालं," आणि वाकडा हात गुडघ्यावर टेकवून पुन्हा सूत गुंडाळू लागला. आतून चहा आला. मी तो प्यायलो.

खड्डा मला ठाऊक होता. हात निघाला होता, तो मी अडवला.