अर्धा गडी

"पदर झटकी दखाड," मालक आईला म्हणाला. मी तिच्या मागे उभी होते.

आईने पदर सोडला आणि दोन्ही हातांनी झटकला. भुसा पडला. मालकाने तो वहाणेच्या टोकाने पसरून पाहिला. दाणा नव्हता. मग त्याने ओटी उघडायला लावली. आईने तीही उघडली. खळ्यावर मालकाची माणसं होती, आम्ही मजूर बाया होतो. खाटेवर शेतकी खात्याचे साहेब चहा पीत बसले होते. 

म्हसावदच्या बाजूचं हे शेत. साठ सालाच्या आसपासची गोष्ट. कोणतं शेत किती पिकवतं आणि त्याला किती माणसं लागतात, याची मोजणी सुरू झाली होती. कमी माणसांत जास्त पिकवणारं शेत सरस ठरायचं. आपलं शेत तालुक्यात पहिलं येणार, असं मालकाने बाजारात सांगून ठेवलं होतं.

काही दिवसांपूर्वी साहेबांनी उभ्या ज्वारीत दोरी बांधून एक तुकडा आखला. आम्ही तो कापला, कणसं खुडली. त्या ओल्या कणसांचं वजन झालं. मालक खूश होता. कापणीला माणसं किती, असं साहेबांनी विचारलं. मालकाने आधी पुरुष मोजले. मग आमच्याकडे बोट केलं. "दोन बायास्ना एक गडी धरा."

साहेबांनी होकारार्थी मान हलवली. माझी पात, म्हणजे कापायची ओळ, माझ्या भावाच्या पातीशेजारी होती. आम्ही दोघांनी बांध बरोबरच गाठला होता. 

कणसं वाळली, बडवली. आम्ही बायांनी धान्य उपणलं. वजन मालकाच्या अंदाजापेक्षा बरंच कमी भरलं. त्याने तोलणाऱ्याला शिव्या दिल्या, पुन्हा तोलायला लावलं. तेवढंच भरलं. मग त्याची नजर आमच्याकडे वळली. "ह्या बायाच खाई गयात."

आम्ही भिल्ल. नवं धान्य आम्ही आधी देवाला दाखवतो. गावाची नवाई होईपर्यंत नवा दाणा कोणी जिभेवर ठेवत नाही. मालकाने पाहुण्यांसाठी त्याच शेतात हुरडा भाजला, तेव्हा आगटी आम्ही पेटवली, कणसं आम्ही चोळून दिली आणि हात धुऊन बाजूला बसलो. मालकाला कारण ठाऊक होतं. तेव्हा तो हसून म्हणालाही होता, "तुमना देव अजून उठना नई का?"

आमच्या गावाची नवाई अजून व्हायची होती. तरी आईचा पदर झटकला गेला.

मग मालकाने मला बोटाने पुढे बोलावलं. मी पदर कमरेला खोचला.

"झटकनार नई."

त्याला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. त्याने पुन्हा विचारलं.

"कामले आम्ही अर्ध्या," मी म्हणाले. "मंग चोरीले पुऱ्या कशा?"

मागून एक म्हातारी मजुरीण म्हणाली, "मी अर्धाच पदर झटकसू, पाटील." बाया हसल्या. मालकाचा चेहरा उतरला.

तेव्हा साहेबांनी कप खाली ठेवला. कणसं ओली होती, वाळल्यावर वजन उतरतंच, सगळीकडे उतरतं, असं ते शांतपणे म्हणाले. माझी चौथीपर्यंत शाळा झाली होती. मी त्यांच्याच मराठीत विचारलं, "हे तुम्हाला आधीपासून माहीत होतं?"

"हो."

"मग आईचा पदर झटकायच्या आधी का नाही बोललात?"

तो मालक-मजुरांमधला प्रश्न आहे, आपलं काम मोजणीचं, असं त्यांचं उत्तर होतं.

मालक म्हणाला, झालं ते झालं, कामाला लागा. बाकीच्या शेताचं पीक खळ्यावर पडून होतं. आमची वर्षाची ज्वारी मजुरी म्हणून त्याच खळ्यावरून घरी यायची. आई सूप उचलायला वाकली. मी तिचा हात धरला. झडती सगळ्यांसमोर घेतली, चोरी झाली नाही हेही सगळ्यांसमोर बोला, असं मी मालकाला सांगितलं. नाही बोललो तर, असं त्याने विचारलं.

"मंग गडी आना, पाटील. अर्धाच लागतीन."

त्याने पाठ फिरवली. आम्ही सुपं पालथी घातली आणि निघालो. वाटेत आई माझ्यावर चिडली. खाशील काय, म्हणाली.  तो हिवाळा आम्ही लांबच्या गावांत काम शोधत काढला. पोट भरलं नाही. त्या खळ्यावर मात्र आम्ही परत गेलो नाही.

त्याचं शेत पहिलं आलं का, हे मी कधी विचारलं नाही. माझी आई त्या खळ्यावर पदर सोडून उभी राहिली, ते कोणत्याच मोजणीत आलं नाही.

तेव्हापासून कोणी कापणीला बोलवायला आलं की मी आधी विचारते, बाई किती धरता? पुरी धरत असाल तर येते. अर्धी धरत असाल तर पीक उभंच राहू द्या.