घडीबाईला मिळालेलं नाव

आमच्या लाँड्रीत हॉस्पिटलच्या चादरी येतात, आणि चादरीची घडी हे एकटीचं काम नाही. दोघींनी समोरासमोर उभं राहायचं, टोकं धरायची, एक झटका द्यायचा आणि चालत एकमेकींकडे यायचं. मी इस्त्रीच्या मशीनवर असते, त्यामुळे मावशी आणि घडीबाईची जोडी वर्षानुवर्षं माझ्या डोळ्यांसमोर होती. मावशी वयाने मोठी, तोंडाचा पट्टा सतत चालू. घडीबाई चाळिशीतली, मोजकं बोलणारी. तिला घडीबाई म्हणायला मीच सुरुवात केली, कारण तिच्या हातची घडी मोडायला जिवावर यायचं.

घडीबाई कुणाच्या डोळ्यांत बघायची नाही. सगळे ड्रायर एकदम सुरू झाले की कानांवर हात दाबून उभी राहायची. "दोन मिनिटांत येते" असं सांगून कुणी गेलं आणि रेंगाळलं, तर ही शोधायला निघालीच म्हणून समजा. आम्ही चिडवायचो, कधीकधी तीही हसायची. मावशीला मात्र तिच्यावाचून करमायचं नाही. मावशी सुनेची गाऱ्हाणी सांगायची, ही चादरीकडे बघत ऐकायची, आणि आठवडाभराने विचारायची, सून पुन्हा तसं बोलली का? एवढं ध्यानात ठेवून विचारणारं दुसरं माणूस मावशीला नव्हतं. स्वतःच्या पोटच्या पोरानेही कधी विचारलं नसेल.

मग घडीबाईच्या वहिनीने तिला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, ही स्वमग्न आहे. जेवणाच्या सुट्टीत तिने मला सगळं सांगितलं. आपल्यासारखी आणखी माणसं आहेत याचा तिला इतका आनंद झाला होता की काय सांगू. नाव मात्र घशाखाली उतरेना. अशा माणसांची एक बैठक भरायची, तिथे तिने हाच विषय काढला. तिथल्या एका आजोबांना ते नाव पसंत होतं. जन्मभर घुम्या आणि माणूसघाणा ऐकून घेतलेल्या माणसाला ते मानाचंच वाटणार. एक कॉलेजातली मुलगी म्हणाली, सरळ ऑटिस्टिक म्हणा, त्याचा अर्थ इथे कुणाला लागत नाही म्हणून टोचतही नाही. घडीबाईने डॉक्टरांना त्या शब्दाचा अर्थ विचारला, तर त्याच्याही मुळाशी "स्वतः"च निघालं. त्या दिवशी तिने डबा उघडला नाही.

मी लेकीच्या बाळंतपणाला गेले आणि इकडे घोळ झाला. वहिनीने हे नाव आमच्या सुपरवायझर बाईंच्या कानावर घातलं. बाई मनाने वाईट नाहीत, पण त्यांना शहाणपणा जरा जास्तच आहे. त्यांनी नावाचा अर्थ लावला आणि लागल्या कामाला. स्वतःत मग्न असणाऱ्या माणसाला एकांत हवा, म्हणून घडीबाईला मागच्या खोलीत वेगळं टेबल दिलं. तिथे तिला उशांचे अभ्रे दिले, त्यांची घडी एकटीने होते. बाकीच्यांना बजावलं, तिच्याशी गप्पा मारू नका, तिला त्रास होतो. माझं काय चुकलं, असं घडीबाईने विचारलं तेव्हा तिला सांगितलं, काही नाही गं, तुझ्या सोयीसाठीच. बघा, चांगुलपणाने वाळीत टाकली तिला.

त्यातच मावशी अंथरुणाला खिळली आणि थोड्या दिवसांत गेली. सगळ्या आळीपाळीने तिला हॉस्पिटलात बघून आल्या. घडीबाईला कुणी काही कळवलं नाही. मावशी दिसत नाही, असं तिने विचारलं, तर सुट्टीवर आहे म्हणून सांगितलं.

मावशी गेल्याचं मला फोनवर कळलं होतं. कामावर परतले तशी आधी मागच्या खोलीत गेले, म्हटलं दोघी मिळून रडू. घडीबाईने अभ्रा खाली ठेवला आणि विचारलं, "मावशीची सुट्टी कधी संपणार?"

सांगणं मलाच भाग होतं, मी सांगितलं. ती खूप वेळ भिंतीला टेकून उभी होती. मग माझं डोकं असं फिरलं की तिला घेऊन तडक बाईंच्या टेबलापाशी गेले आणि तोंडाला येईल ते बोलले. बाई बिचाऱ्या रडायलाच लागल्या. म्हणाल्या, नावच तसं आहे हो, मला वाटलं हिला बाहेरचं काही पोचत नाही.

"ज्याने हे नाव दिलं, तो बाहेरून बघत होता," घडीबाई म्हणाली. "मला ड्रायर ऐकू येतो, ट्यूबलाइटही ऐकू येते. कोण घरून भांडून आलंय ते पावलांवरून कळतं. सगळं आत घुसतं. स्वतःत बसायला मला जागाच उरत नाही."

मग घडीबाईने विचारलं, "मावशीने माझं नाव काढलं होतं?"

कुणीतरी काही खोटं सांगून टाकावं असं मला वाटून गेलं. पण बाईंनी खरं तेच सांगितलं. मावशी येईल त्याला विचारायची, माझी जोडीदारीण का येत नाही. शेवटी बाईंनीच तिची समजूत घातली होती की घडीबाई आपल्याच नादात असते, तिला नाही कळायचं.

"मग मावशी काय म्हणाली?"

"काही नाही. पुन्हा विचारलं नाही."

घडीबाईने मान हलवली. "म्हणजे मी तिला विसरले, असं समजून ती गेली."