अकराव्या घरट्याचा रकाना

घरचे तिला टिटवी म्हणत; तोंड मिटणं तिला लहानपणापासून ठाऊक नव्हतं. ही मुलगी एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी नदीकाठी दोन महिने गप्प राहणार, यावर आईचा मुळीच विश्वास बसला नाही.

काम सोपं होतं, निदान कागदावर. काठच्या वाळूत सुरय पक्ष्यांची अकरा घरटी होती. घरटी कसली, नुसते खळगे. प्रत्येकात दोन-तीन ठिपकेदार अंडी. रोज सकाळी एकेका खळग्यापाशी जायचं, अंडी मोजायची, तक्त्यात आकडा लिहायचा. उन्हानं मान सोलून निघाली, पण तिनं एक दिवस चुकवला नाही. तळहातावरच्या फोडासारखी जपली ती अंडी.

"ताई, रोज काय बघायचं त्यात?" नावाडीकाका विचारत. "अंडी काय पळून जाणार आहेत?"

"काका, तुम्ही वल्ही मारा बघू."

तिसऱ्या आठवड्यात घरटी रिकामी व्हायला लागली. आधी एक, मग तीन, मग एकदम पाच. चोर धरायचाच म्हणून तिनं दहाव्या घरट्यापाशी आपोआप फोटो काढणारा कॅमेरा लावला. दुसऱ्या दिवशी तेही रिकामं. नावेत बसूनच तिनं फोटो पाहिले.

सहा वाजून दहा मिनिटं : तिचे बूट, तिची वाकलेली पाठ.

सहा पन्नास : कोल्हा. नाक वाळूला टेकवून, तिच्याच पावलांवरून, सरळ खळग्याकडे. शोधाशोध नाही की काही नाही. वाट रोज आयती आखून मिळत होती.

काकांनी फोटो पाहिला. थट्टा केली नाही.

मार्गदर्शक मॅडम मात्र फोनवर खूश झाल्या. "अगं, केवढा मोलाचा निष्कर्ष! रडतेस काय वेड्यासारखी? आता अकरावं घरटं शेवटपर्यंत बघ, म्हणजे झालं."

"मी गेले तर तो येईल, मॅडम."

"आणि नाही गेलीस तर प्रबंध अडकेल. कळतंय ना?"

"कळतंय."

ती गेली नाही. अकरावं घरटं उंचवट्यामागे होतं, नावेतून दिसत नसे. तरी रोज सकाळी ती पलीकडच्या काठाला नाव लावून बसे. पक्ष्यांची जोडी वर घिरट्या घाली. एका सकाळी जोडी नव्हती. पिलं घेऊन गेली, की पिलांवाचून?

"आता बघून यायचं का, ताई?"

"वाऱ्यानं सगळं सारखं केलं असेल, काका. चला."

रकाना कोराच राहिला, पदवी वर्षभर लांबली. घरी आल्यावर आई चार दिवस वाट बघत होती. शेवटी म्हणाली, "टिटवे, बोल की गं काहीतरी."

ती दारात बसून बुटातली वाळू झाडत राहिली.