मालोजीचा तांब्या

आमच्या निगडीत मालोजी मुकादमाला सगळे ‘भेगाळ्या’ म्हणत. का, ते ऐका. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी लष्करी गाड्यांसाठी काँक्रीटच्या लाद्या जोडून केलेला रस्ता होता. पन्नास सालानंतर त्यावर डांबर चढवायचं काम निघालं. मालोजीनं पहिला तुकडा जीव ओतून केला, पण थंडी पडली आणि खालच्या लाद्यांच्या प्रत्येक सांध्यावर वर डांबरात आडवी भेग उमटली. ट्रकवाला करीम विचारी, "मालोजीराव, रस्ता केलाय का शिडी निजवलीय?"

पुढच्या वर्षी पुढच्या तुकड्याचं काम निघालं, तेव्हा ठेकेदार नानासाहेबांनी बजावलं, "यंदा भेग दिसली, तर मुकादमी सोडायची आणि खडी वाहायची."

"दिसणार न्हाई," मालोजी म्हणाला.

आणि गडी हट्टाला पेटला. लादीच्या कडेला घरून आणलेला, काठोकाठ भरलेला तांब्या ठेवायचा आणि मला ओरडायचं, "हाण गाडी!" मी तेव्हा खडीची बैलगाडी हाकत होतो. पाणी सांडलं की समजायचं, लादी खालून पोकळ आहे. ती घणानं फोडायची, वरून रूळ फिरवून तुकडे घट्ट बसवायचे. पक्क्या लाद्यांच्या सांध्यांत मऊ डांबर भरायचं, वर डांबरात बुडवलेली गोणपाटाची पट्टी.

"सांधा गुडघ्यासारखा असतो. त्याला हलू द्यावं, पण वरचं कातडं फाटू देऊ नये," तो म्हणायचा.

त्याची बायको रुक्मिणीबाई वैतागली. "रस्त्यालाच पाजा पाणी! आमी ओंजळीनं पितो."

डांबर चढलं. शेवटच्या दिवशी मालोजीनं आंब्याखाली रस्त्यावर पुन्हा तांब्या ठेवला; करीमचा भरलेला ट्रक गेला आणि पाणी सांडलं. माझ्या हलक्या गाडीला ती लादी फसवून गेली होती.

"राहू दे," नानासाहेब म्हणाले. "ताजं डांबर उखडलंस, तर मुकादमी आजच गेली."

"जाऊ द्या, पण भेग न्हाई येऊ देणार." मालोजीनं घण उचलला.

नानासाहेब घाव ऐकत उभे राहिले. मग त्यांनीच रूळवाल्याला हाक मारली.

थंडी सरली. एक दिवस करीमनं मालोजीच्या दारात ट्रक थांबवला. "राव, तक्रार हाय. आधी चाकं खटखट वाजायची, मी जागा राहायचो. तुमच्या नव्या तुकड्यावर झोप लागती!"

"मग जुन्या शिडीवर जागा राहा की!" मालोजी खो खो हसला.

ती शिडीही नानासाहेबांनी दुरुस्तीसाठी त्याच्याच हाती सोपवली. हे कळल्याबरोबर रुक्मिणीबाईनं घरातला तांब्या लपवला.