घुबडाला मी माझं नाव सांगितलं

आज सकाळी परसातल्या जाळ्यात घुबड अडकलेलं दिसलं. पंख रक्ताळलेला. माकडांपासून भाजी वाचवायला हर्णेहून मासेमारीचं जुनं जाळं आणून मीच लावलं होतं.

शेजारच्या काकी दगडी गडग्यापलीकडून ओरडल्या, "त्याच्यासमोर कोणाचं नाव घेऊ नको गो! घुबडानं नाव धरलं की त्या माणसाचं काय खरं नाय."

टॉवेल टाकून त्याला धरलं, कात्रीने एकेक दोरा कापला, भोकं पाडलेल्या खोक्यात ठेवलं. वनखात्याची माणसं येईपर्यंत खोक्याशेजारी बसून राहिले.

ती माणसं खोकं घेऊन निघाली तेव्हा मी घुबडाला स्पष्ट सांगितलं, "मी सुनंदा. जाळं मीच लावलं होतं. धरायचं तर माझंच नाव धर."

जाळं काढूनच हे लिहायला बसलेय. तुमच्या परसातलं कधी काढताय?